दुसरा आणि चौथा शनिवार

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात शनिवारचं एक वेगळं घर असतं. आमच्या उमेदीच्या काळात शनिवार म्हणजे अर्धा दिवस. दुपारी कॅश जुळली की घरी जेवायला, आणि नाही जुळली तर जेवण रात्री. पुढे सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना पूर्ण सुट्टी मिळू लागली. तोवर माझ्या निवृत्तीला जेमतेम चार वर्षं उरली होती. निवृत्त झालो आणि सगळेच वार सारखे झाले.

मग काही वर्षांपूर्वी दुसरा आणि चौथा शनिवार पुन्हा आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोलात आले. माझ्या मुलाचा आणि सुनेचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यात एक कलम होतं. मूल आईकडे राहील. वडिलांनी दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच त्याला आपल्याकडे न्यावं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. टंकलेखनाच्या साडेतीन ओळी. माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तो आता वाचायला शिकला आहे, आणि त्याचे मित्रही.

घटस्फोटाच्या कारणांबद्दल मला काही लिहायचं नाही. दोन माणसांचं पटलं नाही, एवढं पुरे. मला लिहायचं आहे ते त्या साडेतीन ओळींबद्दल. त्या कशा ठरतात, त्यामागे कायद्याची किती वर्षांची वाटचाल असते आणि त्या ओळींच्या पलीकडे काय उरतं, याबद्दल.

पहिल्यांदा मला खटकला तो शब्द. ‘ताबा’. मुलाचा ताबा. बँकेत हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता. थकलेल्या कर्जापोटी एखाद्या फ्लॅटचा ताबा घ्यायचा म्हणजे दारावर नोटीस डकवायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, कुलपावर लाखेचं सील करायचं. तोच शब्द नातवाच्या नावापुढे वाचला आणि कागद बाजूला ठेवला. पण शब्द काही उगाच येत नाहीत. कायद्याच्या जुन्या पुस्तकांत मूल हे खरोखरच बापाच्या मालकीच्या वस्तूजवळपास होतं.

पालकत्वाबाबतचा आपला मूळ कायदा १८९० सालचा, ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्‌स ॲक्ट’. तो अजून लागू आहे. त्या कायद्यातही न्यायाधीशांनी मुलाचं हित पाहावं, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घ्यावी, असं सांगितलेलं आहे. पण बाप हयात असेल आणि नालायक ठरत नसेल, तर दुसरा पालक नेमायला त्याच कायद्याची मनाई होती. त्या कलमात बापाच्या शेजारी आईचा उल्लेख यायला २०१० साल उजाडावं लागलं. दुसरा कायदा हिंदूंपुरता, १९५६ सालचा. त्यानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. मात्र पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईकडे राहावं. म्हणजे रात्री उठून दूध पाजायचं ते आईने, आणि कागदावर सही करायची ती बापाने!

या सहीचा एक प्रसंग माझ्या खात्यावर जमा आहे. साल १९८६. मी तालुक्याच्या गावातल्या एका शाखेत नवाच अधिकारी झालो होतो. एक शिक्षिका काउंटरवर आल्या. मुलाच्या नावावरची मुदत ठेव मोडायची होती, त्याच्या शाळेच्या खर्चासाठी. पावतीवर पालक म्हणून वडिलांची सही होती.

“ताई, त्यांना घेऊन या,” मी म्हटलं.

“ते इथे नसतात, साहेब. चार वर्षं झाली.”

“मग कोर्टाचा कागद आणा.”

त्या काहीच बोलल्या नाहीत. पावतीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. पुढच्या माणसाला मी पितळी टोकन दिलं. नियमाप्रमाणे माझी काही चूक नव्हती. ज्याची सही नमुन्यात आहे त्यालाच पैसे द्यायचे. पण ‘चार वर्षं झाली’ हे वाक्य मी ऐकलं आणि त्याची कुठेच नोंद केली नाही, हे मला आज बोचतं.

मजेची गोष्ट अशी, की त्याच सुमारास माझ्यासारखंच उत्तर मिळालेल्या एका बाईंनी नंतर थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्या पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आल्या. गीता हरिहरन. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या पतीने मुलाच्या नावावर वीस हजार रुपयांचे नऊ टक्क्यांचे रिलीफ बाँड घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून आईची सही असेल, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. उत्तर आलं, की वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. नवरा-बायकोत काहीही वाद नसताना ही गत! त्यांच्या याचिकेबरोबर पर्यावरणाच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या वंदना शिवा यांचीही याचिका ऐकली गेली. तिथे मात्र मुलावरून खराखुरा वाद होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्यांच्या मृत्यूनंतर’ असा घ्यायचा नाही, ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा घ्यायचा. आणि बाप मुलाकडे लक्षच देत नसेल, किंवा दोघांनी आपसात तसं ठरवलं असेल, तर तीही अनुपस्थितीच. खरं तर ही वाट १९७० साली विदर्भातल्या एका शेतजमिनीच्या खटल्यात दिसली होती. बाप हयात होता, पण वीसेक वर्षं वेगळा राहत होता आणि मुलीचं सारं आईच पाहत होती. आईने केलेला व्यवहार तेव्हा न्यायालयाने ग्राह्य धरला. पण तो खटला मला, काउंटरवर बसणाऱ्याला, कुठून ठाऊक असणार?

हे झालं पालकत्वाचं. मूल राहणार कुठे, हा प्रश्न त्याहून नाजूक. तिथे न्यायालयं एकच कसोटी लावतात, मुलाचं हित. आईचा हक्क नाही, बापाचा हक्क नाही. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच बजावलं, की मुलं म्हणजे आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. वाचायला हे फार सोपं वाटतं. पण हित कशात आहे, हे ठरवताना न्यायाधीशांचीही परीक्षा होते.

एक खटला आमच्या पुण्याशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात घटस्फोट झालेल्या एका जोडप्याचा. मुलगा आईकडे होता आणि वडिलांना शनिवार-रविवारी भेटीची मुभा होती. १९८६ च्या जानेवारीत अशाच एका भेटीसाठी त्यांनी मुलाला नेलं आणि विमानात बसून सरळ पुणं गाठलं. अमेरिकन आई भारतात आली, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी न्यायालयाने मुलाला तिच्या हवाली केलं. भेटीचे तास हा विश्वास असतो, तो मोडून मिळवलेलं मूल ठेवून घेता येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. अशा मुलांना परत पाठवण्यासाठी हेग इथे १९८० साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यावर अजून सही केलेली नाही. त्यामुळे परदेशी असलेल्या आपल्या कितीतरी लेकी-लेकांच्या घरातले असे वाद इथे एकेक करून, ज्याच्या त्याच्या गुणावगुणांवर सोडवावे लागतात.

दुसरा खटला गोव्याचा, २०१५ सालचा. मूल पाच वर्षांच्या आतलं. खालच्या न्यायालयाने ते आईकडे दिलं, उच्च न्यायालयाने बापाकडे आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आईकडे. इतक्या लहान वयात आईने आपली लायकी सिद्ध करत बसायची नाही, ती नालायक आहे असं म्हणणाऱ्या बापाने ते सिद्ध करायचं, असं न्यायालयाने सांगितलं. बापाला भेटीची मुभा होतीच. त्याआधी २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका बारा वर्षांच्या मुलाचं वर्ष मधोमध कापलं होतं. जानेवारी ते जून वडिलांकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे. २०१५ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने तर आपल्या २५७ व्या अहवालात शिफारस केली, की योग्य तिथे दोन्ही पालकांकडे संयुक्त ताबा देण्याची सोय कायद्यातच असावी. ती शिफारस अजून शिफारसच आहे.

आणि २०२० च्या जानेवारीतला एक निकाल मला सगळ्यांत जवळचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं, की आई आणि वडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला नुसती भेट नव्हे, संपर्कही हवा. रोज पाच-दहा मिनिटं फोनवर, शक्य असेल तर चित्रासह बोलता आलं पाहिजे. पाहा, १८९० साली बापाचा हक्क, मग हळूहळू आईचाही आणि आता मुलाचा. एकशे तीस वर्षं लागली.

हे सगळं मी वाचलं ते कादंबरीच्या हौसेने नव्हे. मला एक सही करायची होती, म्हणून वाचलं.

झालं असं. नातू आठ वर्षांचा असताना त्याच्या आईला बंगळूरला चांगली नोकरी मिळाली. मुलाला घेऊन जाण्याची परवानगी मागणारा अर्ज तिने न्यायालयात केला. मुलांबाबतचे हुकूम कधीच कायमचे नसतात. मुलाची गरज बदलली की ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीही सांगितलेलं आहे. आमच्या घरात मात्र आभाळ कोसळलं. मुलाने विरोध करायचं ठरवलं. वकीलसाहेबांनी सांगितलं, “आजोबांचं एक प्रतिज्ञापत्र जोडू. वजन येईल.” दोन दिवसांनी मसुदा आला. त्यातलं चौथं कलम असं होतं, ‘सदर अज्ञान मुलाने प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास वेळोवेळी सांगितले आहे की, त्यास वडिलांकडेच कायमचे राहावयाचे आहे.’

‘वेळोवेळी’ नव्हे, एकदाच. आणि ते कधी, हे मला पक्कं आठवत होतं. मे महिन्यातला शनिवार. दूरदर्शनसंचावर आयपीएलचा सामना. पावणेपाच वाजले, मी त्याची पाण्याची बाटली भरली आणि सामना ऐन रंगात आलेला. तो म्हणाला, “मला नाही जायचं. मला इथेच राहायचंय.” माझ्या मुलाचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ते वाक्य सामन्याचं होतं, आयुष्याचं नव्हतं.

आणखी एक वाक्य त्याने मला सांगितलं होतं. ते मसुद्यात कुठेच नव्हतं. सर्दी झालेली असताना आजीने त्याला लाडाने आईस्क्रीम दिलं. चमचा चाटत त्याने मला हळूच विचारलं, “आबा, हे तिकडे सांगायचं नाही ना?”

त्याला असं कुणीही बजावलेलं नव्हतं. त्याने आपलं आपणच ताडलं होतं. मग मी आठवू लागलो, की आम्ही त्याच्याशी काय बोलत होतो. “तिकडे स्वयंपाक कोण करतं रे?” “आई किती वाजता येते?” “मामा रागावतो का?” प्रश्न साधे होते, आवाज मायेचा होता. पण त्याचं एकेक उत्तर संध्याकाळी फोनवरून वकिलांच्या फायलीत जात होतं. आम्ही त्याला मसाला दूध पाजत होतो आणि त्याची जबानी घेत होतो. पलीकडेही कदाचित असंच चाललं असेल, पण त्याचा हिशेब मी द्यायचा नाही.

मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित करणं, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका निकालात घेतली. त्यानंतर २०२४ साली दुसऱ्या एका निकालात सावधही केलं, की नेमकं कुठलं वागणं चुकलं ते दाखवल्याशिवाय कुणावर हा शिक्का मारू नये. दोन्ही खरं आहे. वाईट शिकवणारे उघड दिसतात. पण शिकवायचा हेतू नसतानाही प्रेमाची माणसं मुलाला दोन भाषा शिकवतात, इकडची एक आणि तिकडची एक. ही गोष्ट कुठल्या न्यायाधीशाला पुराव्यात सापडणार?

मी सही केली नाही. बँकेत असताना मी चुकीच्या व्हाउचरवर कधी सही केली नव्हती, हे कारण मुलाला सांगितलं. ते त्याला पटलं नाही.

“बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?” त्याने विचारलं.

“सामन्याच्या दिवशी तो काय म्हणाला ते लिही, मी आत्ता सही करतो. सामन्यासकट लिही.”

तो उठून गेला. अकरा दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. तो माझा मुलगा आहे, आणि त्याचं दुःख खोटं नव्हतं. आपलं मूल साडेआठशे किलोमीटर लांब जाणार, या कल्पनेने रात्री दिवाणखान्यात येरझारा घालणारा बाप मी पाहिला आहे. त्या अकरा दिवसांत माझी सही बरोबर ठिकाणी थांबली की नाही, याची मला खात्री नव्हती. आजही पूर्ण नाही.

बाराव्या दिवशी मी व्याह्यांना फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. ते निवृत्त शिक्षक. “नमस्कार, गुरुजी” म्हटलं आणि पुढचे शब्द सापडेनात. त्यांनाही सापडत नव्हते. शेवटी ते म्हणाले, “तो अलीकडे नखं खातो. तुमच्याकडेही खातो का?” मी म्हटलं, “हो.” एवढंच बोलणं. पण दोन्हीकडच्या माणसांनी मुलाबद्दल एकमेकांना सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती. मी ती मुलाला जशीच्या तशी सांगितली.

पुढे प्रकरण न्यायालयातल्या समुपदेशक बाईंकडे गेलं. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयांत ही चांगली सोय आहे. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालयं निर्माण झाली ती मुळी भांडण वाढवण्यापेक्षा मिटवण्यासाठी. बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि वेगळेच प्रश्न विचारले. मुलाला भीती कशाची वाटते? वर्गात त्याच्याशेजारी कोण बसतं? आजारी पडला की त्याला काय खावंसं वाटतं? माझ्या मुलाला काही उत्तरं आली नाहीत. काही त्याच्या आईलाही आली नाहीत. घरी येऊन त्याने हे स्वतः सांगितलं, तेव्हा मला कळलं की अकरा दिवसांचा अबोला संपला.

दोघांनी मिळून अटी लिहिल्या, न्यायालयाने त्यांचा हुकूम केला. मुलगा आईबरोबर बंगळूरला गेला. वडील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे जाऊन भेटतात, मुक्कामासह. दिवाळी आणि मेची सुट्टी निम्मी निम्मी, पुण्यात. रोज संध्याकाळी सात वाजता फोन.

हे सुखान्त आहे असं मी म्हणणार नाही. आमचा चौथा शनिवार रिकामा गेला आहे. मे महिन्यात नातू आला की पहिले दोन दिवस तो पाहुण्यासारखा वागतो, पंखा लावू का, असं विचारतो. त्याची आजी त्या दोन दिवसांत स्वयंपाकघरातून फारशी बाहेर येत नाही. पण ज्या घरांत आज असा कागद आला असेल, त्या घरांतल्या आजी-आजोबांना, मामा-आत्यांना एक सांगावंसं वाटतं. न्यायालय तास ठरवून देतं. अकरा म्हणजे अकरा आणि पाच म्हणजे पाच. ते वेळेवर पाळणं हे मुलासाठी फार मोठं आश्वासन असतं. पण त्या सहा तासांत त्याला काय विचारायचं नाही, हे कुठल्याच हुकूमनाम्यात लिहिलेलं नसतं. ते आपणच लिहायचं असतं.

आणि त्या शिक्षिकाबाई? त्यांचा मुलगा आता चाळिशी ओलांडलेला असेल. ठेव मुदत संपल्यावर कुणाच्या सहीने निघाली, मला माहीत नाही. माझी त्याआधीच बदली झाली होती.

परवा सातच्या फोनवर मी नेहमीप्रमाणे मुलाच्या मागे, पडद्याबाहेर बसलो होतो. नातू काहीबाही सांगत होता, गणिताची परीक्षा, पडलेला दात. मध्येच म्हणाला, “आई म्हणाली, बाबा परवाच्या बसने येतोय ना, तर येताना थालीपिठाची भाजणी आणायला सांग. आजीकडची. इथे तशी मिळत नाही.”

मुलगा वळून माझ्याकडे पाहू लागला. आतून आजीचा आवाज आला, “किती आणू म्हणावं?”